शब्दशः की शब्दाला जागून? ‘द वॉकिंग डेड’, ‘इन्व्हिन्सिबल’ आणि आपण चिडके फॅन

नेहमीप्रमाणे ही आपल्या भागाची लिखित आवृत्ती. इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि दीडच्या स्पीडवर ऐकून नंतर ‘नक्की काय म्हणालास रे?’ असं विचारणाऱ्यांसाठी. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

स्पॉयलरची सूचना: ‘द वॉकिंग डेड’ (मालिका आणि कॉमिक दोन्ही), ‘इन्व्हिन्सिबल’चा पहिला सीझन, ‘द बॉइज’, ‘वॉचमेन’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला सीझन, यातलं बरंच काही फुटणार आहे. पाहायचं बाकी असेल तर इथेच थांबा आणि नंतर या. रागावणार नाही.

००:०० सोमवार, सकाळचे साडेसहा

नमस्कार मंडळी. २४ ऑक्टोबर २०१६. सोमवार होता. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला लागणारा एपिसोड आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या एका खोलीत एका लॅपटॉपसमोर आम्ही सहा जण बसलो होतो. ‘द वॉकिंग डेड’च्या सातव्या सीझनचा पहिला एपिसोड. नीगन नावाचा माणूस काटेरी तार गुंडाळलेली बॅट घेऊन उभा, समोर आपली सगळी माणसं गुडघ्यावर. त्याने आधी अब्राहमला मारलं आणि नंतर ग्लेनला.

आमच्यातल्या पाच जणांनी कॉमिक वाचलेलं नव्हतं. आम्ही सुन्न झालो. सहावा म्हणजे माझा रूममेट. त्याने कॉमिक वाचलं होतं. ग्लेन नीगनच्या हातून मरतो हे त्याला आधीपासून माहीत होतं, आणि पठ्ठ्याने इतका काळ आम्हाला काही सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटलं हा शांत असेल, कारण त्याला काय नवीन? उलट तोच सगळ्यात जास्त भडकला. लॅपटॉप बंद केला, ‘बास झालं’ म्हणाला आणि आंघोळीला गेला. नंतर त्याने ती मालिका कधीच पाहिली नाही.

मला ते कोडं बरीच वर्षं सुटलं नाही. फॅन लोकांची कायमची तक्रार असते की ‘मूळ कॉमिकसारखं केलं नाही’. इथे तर जे कॉमिकमध्ये होतं तेच, अगदी त्या बॅटसकट, पडद्यावर आलं होतं. मग कॉमिक वाचणाराच का चिडला? आजचा भाग या एका प्रश्नावर आहे. आणि झोंबीपासून सुपरहिरोपर्यंत सगळ्या रूपांतरांना त्याचं उत्तर लागू पडतं असं मला वाटतं.

०२:४० आधी थोडा हिशोब

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘द वॉकिंग डेड’ हे कॉमिक ऑक्टोबर २००३ मध्ये इमेज कॉमिक्सने सुरू केलं. लेखक रॉबर्ट कर्कमन. पहिले सहा अंक टोनी मूरने काढले, नंतर चार्ली ॲडलार्डने. संपूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. जुलै २०१९ मध्ये १९३ व्या अंकाला कर्कमनने आधी काहीही न सांगता ते बंद केलं. वाचकांनी अंक उघडला आणि कळलं की हा शेवटचा.

मालिका आली ३१ ऑक्टोबर २०१० ला, एएमसी वाहिनीवर. ती पडद्यावर आणली फ्रँक डॅराबॉन्टने, ‘द शॉशँक रिडेम्प्शन’वाला. अकरा सीझन, १७७ एपिसोड, नोव्हेंबर २०२२ मध्ये शेवट. पाचव्या सीझनचा पहिला एपिसोड अमेरिकेत त्या रात्री सुमारे १ कोटी ७३ लाख लोकांनी पाहिला होता. केबलवरच्या मालिकेसाठी हा आकडा अफाट होता.

आता बदल बघा. रिकचा हात कॉमिकमध्ये गव्हर्नर तोडतो. मालिकेत तो शाबूत राहिला, कारण एक हात नसलेला नायक म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये इफेक्टचं काम. (गंमत म्हणजे २०२४ च्या ‘द वन्स हू लिव्ह’मध्ये तो हात शेवटी गेलाच.) शेन कॉमिकमध्ये सहाव्याच अंकात मरतो, मालिकेत तो दुसऱ्या सीझनच्या शेवटापर्यंत टिकतो. गव्हर्नर कॉमिकमध्ये टायरीसचं डोकं उडवतो, मालिकेत त्याच जागी म्हातारा हर्शेल आहे. नरभक्षक टोळीला ‘माझं मांस खराब आहे’ म्हणून हसणारा माणूस कॉमिकमध्ये डेल, मालिकेत बॉब. डोळ्यातून आरपार गेलेला बाण कॉमिकमध्ये अब्राहमला लागतो, मालिकेत डॉक्टर डेनीसला.

म्हणजे घटना त्याच, पण मरणारी माणसं बदललेली. पत्ते तेच, फक्त पिसून वाटलेले. यामागची युक्ती साधी आहे. लाखो लोकांनी कॉमिक वाचलंय, विकी उघडून कुणीही पुढची गोष्ट पाहू शकतो. अशा वेळी वाचकालाही ‘आता कोण?’ ही धाकधूक राहावी म्हणून पत्ते पिसायचे. आणि यातल्या बहुतेक बदलांवर फॅन मंडळी चिडली नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा.

०५:३० ज्या बदलांना आपण डोक्यावर घेतलं

या मालिकेतला सगळ्यात लाडका माणूस कोण? दहातले सात जण म्हणतील डॅरिल. क्रॉसबो, मोटरसायकल, न धुतलेले केस. आणि डॅरिल कॉमिकमध्ये नाहीच! नॉर्मन रीडस आला होता मर्लच्या भूमिकेसाठी ऑडिशन द्यायला. ती भूमिका दुसऱ्याला गेली, पण रीडस इतका आवडला की त्याच्यासाठी मर्लचा धाकटा भाऊ नव्याने लिहिला गेला. मर्लही कॉमिकमध्ये नाही, ती गोष्ट वेगळी. पुढे अमेरिकेत टी-शर्ट निघाले, डॅरिल मेला तर आम्ही दंगल करू अशा मजकुराचे.

कॅरोल घ्या. कॉमिकमधली कॅरोल तुरुंगाच्या भागातच खचते आणि स्वतःहून एका वॉकरच्या तोंडी जाते. मालिकेत मेलिसा मॅकब्राइडची कॅरोल शेवटच्या एपिसोडपर्यंत आहे. नवऱ्याचा मार खाणारी, मान वर न करणारी बाई हळूहळू अशी घडते की सगळ्या टोळीने तिला वचकून राहावं. मूळ गोष्टीशी याचा फारसा संबंध नाही. तरी कोणी म्हणालं का, ‘कॅरोलला मारा, कॉमिकमध्ये मेली होती’? नाही.

आता सोफिया. कॅरोलची मुलगी. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती हरवते आणि सगळे सहा-सात एपिसोड तिला शोधत फिरतात. तेव्हा बरेच जण कंटाळले होते. कॉमिक वाचणारे निवांत होते, कारण कॉमिकमधली सोफिया शेवटपर्यंत जिवंत आहे. आणि मग नोव्हेंबर २०११ मध्ये तो गोठा उघडला. एकेक वॉकर बाहेर येतोय, गोळ्या झाडल्या जातायत, आणि सगळ्यात शेवटी सोफिया बाहेर आली. वॉकर होऊन.

कॉमिकपासून याहून मोठी फारकत काय असू शकते? तरीही तो प्रसंग आजही मालिकेतला उत्तम प्रसंग म्हणून सांगितला जातो. का? कारण मालिकेने आपल्याला एक प्रश्न विचारला होता, ‘सोफिया कुठे आहे?’ आणि त्याचं खरं उत्तर दिलं. ती सगळा वेळ तिथेच होती, पन्नास पावलांवर. उत्तर क्रूर होतं, पण फसवाफसवी नव्हती. मागे जाऊन पुन्हा पाहिलं तरी कुठे खोटं सापडत नाही.

०८:२० कचऱ्याच्या डब्याखालचा ग्लेन

आता ग्लेनकडे येऊ. बॅटच्या आधी एक वर्ष मागे, म्हणजे २५ ऑक्टोबर २०१५ ला. सहाव्या सीझनचा तिसरा एपिसोड. ग्लेन आणि निकोलस एका मोठ्या कचराकुंडीवर अडकलेत, चारी बाजूंनी वॉकर. निकोलस स्वतःला गोळी घालतो, दोघं खाली पडतात, आणि कॅमेरा ग्लेनच्या चेहऱ्यावर. तो किंचाळतोय, समोर आतडी ओढली जातायत. एपिसोड संपतो.

ग्लेन मेला. आपण तेच समजलो, कारण आपल्याला तेच दाखवलं. इतकंच नाही, पुढच्या एपिसोडांमध्ये सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्टीव्हन यूनचं नावसुद्धा काढलं. चार आठवड्यांनी कळलं की ती आतडी निकोलसची होती, आणि ग्लेन सरपटत कुंडीखाली जाऊन वाचला.

लोक जिवंत ग्लेन पाहून खूश व्हायला हवे होते ना? झालेही, पाच मिनिटं. मग लक्षात आलं की ही मालिका आता आपल्याशी गेम करतेय. श्रेयनामावली हा काही गोष्टीचा भाग नाही. तिथे कोण काम करतं एवढंच सांगायचं असतं. तिथेही खोटं सांगितलं म्हणजे यापुढे कशावर विश्वास ठेवायचा?

आणि मग एप्रिल २०१६. सहाव्या सीझनचा शेवट. नीगन येतो, बॅट फिरवतो, एकाला निवडतो. कोणाला? कॅमेरा त्या मरणाऱ्याच्या डोळ्यांतून बघतोय, म्हणजे आपल्याला चेहरा दिसत नाही. स्क्रीनवर रक्त ओघळतं, अंधार, समाप्त. उत्तर सहा महिन्यांनी.

कॉमिकमध्ये हाच प्रसंग १०० व्या अंकात आहे, जुलै २०१२. तिथे लपवाछपवी नाही. नीगन पहिल्यांदा येतो, ग्लेनला मारतो, त्याच अंकात, वाचकाच्या डोळ्यांसमोर. वाचक हादरतो, पण पान उलटलं की आता पुढे काय, मॅगीचं काय, हे लगेच सुरू होतं. दुःख करायला जागा मिळते.

मालिकेत काय झालं? सहा महिने आपण दुःख केलंच नाही. आपण पैजा लावल्या. हॉस्टेलमध्ये चक्क यादी होती, कोणावर किती वडापाव. ग्लेनचा मृत्यू हे एक क्विझ होऊन बसलं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जेव्हा तो खरंच मेला, तेव्हा रूममेट ज्याच्यावर चिडला ती गोष्ट मृत्यू नव्हतीच. तो नंतर मला म्हणाला होता, ‘मी इतके दिवस तोंड बंद ठेवलं, तुम्हाला तो धक्का नीट बसावा म्हणून. आणि यांनी त्याची जाहिरात केली.’

आकडेही बोलतात. सातव्या सीझनचा तो पहिला एपिसोड अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. पुढच्याच आठवड्यात आकडा १ कोटी २५ लाखांच्या आसपास. पुढे तो घसरतच गेला, आणि २०२२ चा शेवटचा एपिसोड साधारण २३ लाखांवर आला. सगळा दोष ग्लेनचा नाही, त्या वर्षांत अमेरिकेत लोक केबलच सोडत होते. पण एका आठवड्यात ४५ लाख माणसं केबल सोडत नाहीत. ती गोष्ट सोडून गेली.

११:३० मराठीत यासाठी दोन शब्द आहेत

इथे मला मराठीची मदत होते. आपल्याकडे ‘शब्दशः’ हा एक शब्द आहे, आणि ‘शब्दाला जागणं’ ही वेगळी गोष्ट आहे. शब्दशः म्हणजे जसं लिहिलंय तसं. शब्दाला जागणं म्हणजे जे कबूल केलं ते पाळणं. ग्लेनचा मृत्यू शब्दशः होता, पण शब्दाला जागणारा नव्हता. सोफियाचा मृत्यू शब्दशः अजिबात नव्हता, पण शब्दाला जागणारा होता.

मी पोटासाठी कोड लिहितो, म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण. वेबवरचं ॲप मोबाइलवर आणायचं असेल तर आम्ही त्याला पोर्ट करणं म्हणतो. कोड पुष्कळदा पहिल्यापासून लिहावा लागतो. बटणं हलतात, मेन्यू बदलतो, अर्ध्या गोष्टी गाळाव्या लागतात. युजर चार दिवस कुरकुरतो आणि सवय करून घेतो. पण ‘सेव्ह’ दाबल्यावर सेव्ह झालं नाही, तर तो ॲप डिलीट करतो. मग बटण जुन्या जागी अगदी त्याच निळ्या रंगात असलं तरी त्याला काय त्याचं?

‘दुनियादारी’ सिनेमा आला तेव्हा कादंबरी वाचलेले आणि न वाचलेले यांच्यातले वाद आठवतात? तिथेही ‘बदललं’ ही तक्रार वरवरची होती. आतली तक्रार ही, की मला त्या पुस्तकाने जे दिलं ते इथे मिळालं की नाही.

‘वॉकिंग डेड’ने आपल्याला काय कबूल केलं होतं? पहिल्या एपिसोडपासून एकच: एक बाप आपल्या पोराला शोधतो, आणि या सडलेल्या जगात त्याला माणूस म्हणून वाढवतो. कॉमिकने हे शेवटपर्यंत पाळलं. शेवटच्या अंकात रिक मेलेला आहे, कार्ल मोठा झालाय, त्याचं सोफियाशी लग्न झालंय आणि त्यांना छोटी मुलगी आहे. मालिकेने आठव्या सीझनमध्ये कार्ललाच मारलं. डिसेंबर २०१७ मध्ये चावा दाखवला, सुट्टीनंतर फेब्रुवारीत तो गेला. हा बदल पत्ते पिसण्यातला नव्हता, इथे कॅटमधून एक्काच काढून टाकला. ज्याच्यासाठी रिक हे सगळं करत होता तोच नाही, तर मग पुढचं युद्ध कशासाठी?

शोरनर स्कॉट गिंपलला काढा अशी ऑनलाइन याचिका निघाली. सही करणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. झालं काय? गिंपल या सगळ्या विश्वाचा मुख्य कंटेंट अधिकारी झाला, म्हणजे बढती. नवव्या सीझनपासून मालिका अँजेला कँगकडे गेली आणि खरं सांगायचं तर सुधारली. पण तोवर पाहणारे निम्मे राहिले नव्हते.

१४:२० तोच लेखक, तोच आवाज, आता केप घालून

आता सुपरहिरोंकडे वळू, आणि तेही ग्लेनचाच हात धरून. ग्लेन साकारणारा स्टीव्हन यून आज ‘इन्व्हिन्सिबल’ या ॲनिमेटेड मालिकेत मुख्य पात्राचा, मार्क ग्रेसनचा आवाज आहे. आणि ‘इन्व्हिन्सिबल’ हे कॉमिकसुद्धा रॉबर्ट कर्कमनचंच. तेही २००३ चंच, तेही इमेजचंच. चित्रकार कोरी वॉकर आणि नंतर रायन ऑटली. १४४ अंक, २०१८ मध्ये समाप्त. म्हणजे एकाच माणसाने एकाच वर्षी एक झोंबी कॉमिक आणि एक सुपरहिरो कॉमिक सुरू केलं. दोन्ही पडद्यावर आली. तुलना करायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

प्राइम व्हिडिओवर मार्च २०२१ मध्ये पहिला एपिसोड आला. तो चाळीसएक मिनिटं शाळकरी सुपरहिरो कार्टूनसारखा चालतो. मार्कला शक्ती मिळते, बाप ओम्नी-मॅन त्याला उडायला शिकवतो. आणि अगदी शेवटी तोच बाप पृथ्वीच्या रक्षक टीमला एका खोलीत बोलावून सगळ्यांना चिरडून मारतो. कॉमिकमध्ये हे सातव्या अंकात येतं. सहा अंक वाचकाला वाटत राहतं की ही जुन्या वळणाची हलकीफुलकी सुपरहिरो गोष्ट आहे.

हा बदल कॉमिकवाल्यांना का चालला? कारण गुपित आधी फोडून मालिकेने आपल्याला खरं काय ते सांगून टाकलं: ही अशी गोष्ट आहे, बसायचं असेल तर बसा. त्यानंतर ताण हा नाही की ‘कोणी मारलं?’, ताण हा की ‘पोराला कधी कळणार?’ प्रत्येक जेवणाच्या टेबलावर आपल्याला माहीत आहे आणि मार्कला माहीत नाही. ‘वॉकिंग डेड’ आपल्यापासून लपवून ताण तयार करत होती, ‘इन्व्हिन्सिबल’ आपल्याला सांगून करते.

पहिल्या सीझनचा शेवट आठवा. ओम्नी-मॅन मार्कला धरून येणाऱ्या भुयारी रेल्वेसमोर उभा करतो, आणि गाडी माणसांसकट त्याच्या अंगावरून फाटत जाते. हा प्रसंग कॉमिकमध्ये नाही. तरी अख्ख्या मालिकेत कॉमिकचा मुद्दा सगळ्यात स्पष्ट कुठे मांडलाय तर इथे: या बापाला माणसांचा जीव म्हणजे काहीच वाटत नाही, आणि पोराला वाटतं.

पण याच मालिकेने एकदा शब्द मोडलाही. अँबर, मार्कची गर्लफ्रेंड. कॉलेजवर हल्ला होतो तेव्हा मार्क पळून गेला म्हणून ती त्याच्यावर भयंकर चिडते. तो बिचारा सुपरहिरोचे कपडे घालून लढायला गेलेला असतो. पुढे मार्क खरं सांगतो तेव्हा ती म्हणते, मला केव्हाच माहीत होतं. अगं, माहीत होतं तर भित्रा म्हणून का झापलंस? ज्यांनी कॉमिकचं एक पानही पाहिलेलं नाही त्यांनाही हे खटकलं. तक्रार कॉमिकशी जुळत नाही अशी नव्हतीच, मालिकेचे दोन एपिसोड एकमेकांशी जुळत नव्हते.

१७:१० फेकून दिलेलं कॉमिक, आणि जपून कॉपी केलेलं

दोन झटपट उदाहरणं, दोन टोकांची.

‘द बॉइज’. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसनचं कॉमिक, २००६ ते २०१२. कॉमिकमध्ये बुचरची बायको मेलेली आहे, मालिकेत जिवंत सापडते, वर एक मुलगा. कॉमिकमध्ये बुचरची टोळी स्वतः कंपाउंड व्ही घेऊन बलवान होते, मालिकेत ती बराच काळ साधी माणसं आहेत. कॉमिकचा सगळ्यात मोठा धक्का म्हणजे ब्लॅक नॉयर हा होमलँडरचा क्लोन निघतो, तो मालिकेने सरळ वगळला. तरी बरेच फॅन म्हणतात, मालिका कॉमिकपेक्षा बरी. कारण एरिक क्रिपकीने एक गोष्ट सोडली नाही: सुपरहिरो म्हणजे कंपनीचा माल, आणि त्याचे गुन्हे हा कंपनीच्या पीआर खात्याचा विषय.

दुसरं टोक ‘वॉचमेन’. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं कॉमिक, १९८६–८७, बारा अंक. झॅक स्नायडरच्या २००९ च्या सिनेमात कित्येक फ्रेम थेट कॉमिकच्या चौकटींवरून उचलल्या आहेत. (कॉमेडियनच्या भूमिकेत जेफ्री डीन मॉर्गन, म्हणजे आपला पुढचा नीगन. जग छोटं आहे.) शेवटचा प्रचंड स्क्विड बदलला, पण बाकी जपून केलेली नक्कल. तरी मारामाऱ्या इतक्या स्टायलिश की मुखवटे घालणारी ही माणसं मुळात विस्कटलेली आहेत, हे विसरायला होतं. उलट डेमन लिंडेलॉफच्या २०१९ च्या मालिकेत नवी नायिका, नवं शहर, आणि सुरुवात १९२१ मध्ये टल्सात झालेल्या कृष्णवर्णीयांच्या खऱ्या हत्याकांडापासून. कॉमिकची गोष्ट पुन्हा न सांगता तिने मुखवट्यामागे काय लपतं हा कॉमिकचाच प्रश्न पुढे नेला. तिला ११ एमी मिळाले.

१९:०० आता आपल्याबद्दल

इथवर मी फॅनची वकिली केली. आता जरा उलटतपासणी.

‘मूळ कॉमिकला धरून नाही’ ही तक्रार कधीकधी निमित्त असते. अँबर कॉमिकमध्ये गोरी, सोनेरी केसांची आहे, मालिकेत कृष्णवर्णीय. काही लोकांचा राग तिच्या त्या खोट्या डायलॉगच्या कितीतरी आधी, पहिल्या एपिसोडलाच सुरू झाला होता. ‘द लास्ट ऑफ अस’चा तिसरा एपिसोड घ्या, २०२३. गेममधला बिल एकटा, कडवट, जोडीदार सोडून गेलेला. मालिकेत तो आणि फ्रँक अनेक वर्षं एकत्र जगतात आणि एकत्रच मरतात. खूप लोक रडले, आणि खूप लोकांनी ठरवून एक-एक स्टार दिले. त्याच मालिकेने गेममधले हवेतून पसरणारे बीजाणूही काढून टाकले होते, तेही मोठं बदलणंच. त्यावर एवढा गदारोळ झाला का? मग राग नेमका कशाचा होता?

आणि राग गेला तो कुणावर? २०१७ मध्ये ‘वॉकिंग डेड’मधल्या यूजीनने नीगनची बाजू घेतली. यूजीन साकारणाऱ्या जॉश मॅकडर्मिटला लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. तो सोशल मीडिया सोडून गेला. त्या माणसाने फक्त लिहून दिलेली वाक्यं म्हटली होती.

मी धमकी दिली नव्हती. पण त्या दिवसांत एका नटाच्या फोटोखाली मी जे लिहिलं होतं ते आईला वाचून दाखवता येणार नाही. वीस-बावीस लाइक आले आणि मला भारी वाटलं. हा भाग तयार करताना ती कमेंट शोधायला गेलो. सापडली, अजून होती तिथे. काढली. उशीर झाला, पण काढली.

मला वाटतं त्यामागे हेच होतं: आपण अनेक वर्षं, दर सोमवारी, सकाळची झोप मोडून काहीतरी दिलेलं असतं. त्या बदल्यात आपल्याला कोणीतरी शब्द दिलाय असं वाटतं. तो मोडला की दुखतं, आणि दुखणं खरं असतं. फक्त ते कशामुळे दुखतंय हे न तपासता आपण जो चेहरा समोर दिसतो त्याच्यावर तुटून पडतो.

२१:१० घरी करायची टेस्ट

म्हणून मी हल्ली चिडलो की स्वतःला दोन प्रश्न विचारतो. एक: मी मूळ कॉमिक किंवा गेम पाहिलेला नसता, तरी हे खटकलं असतं का? ‘हो’ असेल तर मालिकेने स्वतःचाच शब्द मोडलाय, बिनधास्त भांडा. ग्लेनची कुंडी, अँबरचा डायलॉग, दोन्ही इथे बसतात. दोन, पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर: मग जे गेलं त्यात माझं नेमकं काय गेलं? कार्ल गेला तेव्हा बाप-लेकाची गोष्ट गेली, हे मी सांगू शकतो. अँबरचे केस सोनेरी नाहीत, त्यात माझं काय गेलं? काही सांगता येत नसेल, तर फोन खाली ठेवायचा.

रूममेटला मागच्या महिन्यात फोन केला होता. म्हटलं, अरे कँगचे सीझन चांगले आहेत, बघ एकदा. तो म्हणाला, ‘ग्लेनला भेटायचं असेल तर मी शंभरावा अंक काढतो. तिथे निदान मला कोणी बनवत नाही.’ हसला. पण ‘इन्व्हिन्सिबल’ बघतोस का विचारलं तर लगेच म्हणाला, ‘पहिल्या दिवशी! ग्लेनचा आवाज आहे रे त्यात.’

तर तुमचं सांगा. कोणत्या रूपांतराने शब्दशः सगळं केलं आणि तरी शब्द मोडला? किंवा सगळं बदलून शब्द पाळला? एक मिनिटाच्या आतली व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात निवडक वाजवू. शिव्या असतील तर बीप करायला मला वेळ लागतो, तेवढं सांभाळा. भेटू पुढच्या आठवड्यात.